पगार थांबला तरी घर चालावं म्हणून: पहिल्या नोकरीपासून पुंजी कशी उभारायची

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचे चालवत होते आणि आजी लालबागच्या चाळीत खाणावळ चालवत होती. घरात दोन उत्पन्नं होती, त्यामुळे पहिले दोन महिने कुणी फारशी काळजी केली नाही. मग लक्षात आलं की आजीकडे जेवणारे सगळे गिरणीतलेच. त्यांचा पगार थांबला तसे आजीचे पैसेही थांबले. काही जण गावी गेले. जे राहिले त्यांना उपाशी कसं ठेवायचं, म्हणून वही उधारीनं भरत गेली. दिसायला उत्पन्नं दोन, पण दोन्ही एकाच भोंग्यावर चालत होती.

त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. आमच्यासारखी घरं चाळीच्या प्रत्येक मजल्यावर होती. आजीनं पुढे दादरच्या ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांना पोळ्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे घर सावरलं. त्या बायकांचा पगार गिरणीतून येत नव्हता, एवढाच काय तो फरक.

हे मी लहानपणापासून ऐकत आले. स्वतः कमवायला लागल्यावर त्यातून एक प्रश्न उचलला आणि पैशाचा प्रत्येक निर्णय त्यावर घासून बघायची सवय लावली: माझी नोकरी गेली तर हेही जाईल का? बचत असो, विमा असो, घर असो, जोडधंदा असो, हा प्रश्न विचारला की बरंच काही स्पष्ट दिसतं. ज्यांची नोकरी नुकतीच लागली आहे, किंवा लागून दहा वर्षं झाली तरी वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते, त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पाचव्या पायरीवरून सुरुवात करणारे बहुतेक जण दोन वर्षांत पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

पहिली पायरी: दिवस मोजा

एक कागद घ्या. पुढच्या एक तारखेला पगार आलाच नाही असं धरा. भाडं, किराणा, दूध, लाइट बिल, गॅस, मुलांची फी, रिक्षा-बसचा खर्च, कर्जाचे हप्ते आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, सगळं लिहा. गावी पाठवायचे पैसे बरेच जण लिहीत नाहीत. लिहा, कारण ते थांबवता येत नाहीत. आता आठवड्याभरात हातात येऊ शकतील असे पैसे किती आहेत ते पाहा. महिन्याचा खर्च ३२,००० आणि हाताशी ४०,००० असतील, तर तुमचं घर ३७ दिवस चालेल.

हा दिवसांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पगार वाढला आणि हा आकडा तेवढाच राहिला, तर वाढलेला पगार नुसता खर्च झाला एवढाच त्याचा अर्थ. मी सहा वर्षं नोकरी केल्यावर पहिल्यांदा मोजले, तेव्हा माझे दिवस १९ निघाले होते. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरं काम त्याच आठवड्यात करा. पगाराच्या खात्याशिवाय दुसरं एक बचत खातं उघडा, त्याचं डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नका आणि पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेर उरेल ते बाजूला टाकू असं म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. सुरुवात १,००० रुपयांनी झाली तरी चालेल. रक्कम नंतर वाढवता येते, सवय नंतर लागत नाही.

दुसरी पायरी: महागडं कर्ज आधी संपवा

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता नुसती किमान रक्कम भरली, तर उरलेल्या पैशावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं. वर्षाचे ४२ टक्के झाले. ५०,००० थकले तर दर महिन्याला १,७५० रुपये नुसते व्याजात जातात, मुद्दल जागच्या जागी. जगातली कुठलीही साधी गुंतवणूक वर्षाला ४२ टक्के खात्रीनं देत नाही, म्हणून कार्डाची थकबाकी फेडणं हीच तुमची पहिली गुंतवणूक समजा.

कर्जांची यादी व्याजदराप्रमाणे लावा. वर कार्ड आणि मोबाइल अ‍ॅपवरची झटपट कर्जं, मग पर्सनल लोन, मग गाडी, शेवटी शैक्षणिक आणि घराचं कर्ज. सगळीकडे ठरलेला हप्ता भरत राहा आणि जास्तीचा प्रत्येक रुपया यादीतल्या सर्वांत वरच्या कर्जावर टाका. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्ज काढून कार्डाची थकबाकी एकदा मिटवायला माझी हरकत नाही, कारण त्याचं व्याज कार्डापेक्षा बरंच कमी असतं. मात्र त्याच दिवशी कार्ड बंद करा. नाहीतर सहा महिन्यांनी सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं, अशी गत होते.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचं दुखणं हेच होतं. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यात त्यांची कमाई विरघळून जायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बाई तेवढीच पोळ्या लाटत होती, गिऱ्हाइकंही तीच होती. व्याज बदललं आणि तिच्या हातात पैसा दिसायला लागला.

याच पायरीवर जामीनकीचंही बोलते. ऑफिसच्या पतपेढीत मित्राच्या कर्जाला जामीन राहणं हे आपल्याकडे शब्दाला जागणं समजलं जातं. त्यानं हप्ते थकवले तर ते तुमच्या पगारातून कापले जाऊ शकतात. जेवढी रक्कम तुम्ही त्याला बक्षीस म्हणून देऊ शकाल तेवढ्याच कर्जाला जामीन राहा. नाही म्हणणं जड जातं, पण मैत्री तुटते ती नकारानं नाही, थकलेल्या हप्त्यानं.

तिसरी पायरी: अडीनडीचा पैसा

सहा महिन्यांचा खर्च. एकटे कमावते असाल किंवा कंत्राटी नोकरी असेल तर नऊ महिन्यांचा. हे पैसे वाढावेत म्हणून ठेवायचे नसतात, रात्री अकरा वाजता हॉस्पिटलात अनामत भरावी लागली तर हाताशी असावेत म्हणून ठेवायचे असतात. त्यामुळे शेअर बाजार, जमीन, पाच वर्षांची योजना यांपैकी कुठेही नको. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात आणि बाकीच्या मुदत ठेवी. दोन लाखांची एकच ठेव करण्यापेक्षा चाळीस-चाळीस हजारांच्या पाच करा, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागते आणि बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

ठेव कुठे ठेवायची याकडे नीट लक्ष द्या. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. त्याआधी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थेला नाही. गल्लीतली पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते, तिचे संचालक ओळखीचे असतात, गणपतीची वर्गणी देतात, हे सगळं खरं. पण ती बुडाली तर तुमच्या ठेवीला त्या विम्याचा आधार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. लोकांच्या मुलींची लग्नं तोंडावर होती. म्हणून अडीनडीचा पैसा दोन बँकांत विभागून ठेवा.

भिशीबद्दल विचाराल तर बायकांच्या भिशीनं अनेक घरांना पहिली मोठी रक्कम हातात दिली आहे, मला तिचा आदर आहे. ओळखीच्या दहा-बारा जणींची छोटी भिशी ठेवा. पण तुमचा नंबर दहाव्या महिन्यात असेल आणि दुखणं तिसऱ्या महिन्यात आलं, तर ती अडीनडीला कामाची नाही.

चौथी पायरी: विमा, आणि विम्याच्या नावाखाली विकलं जाणारं दुसरं काही

कंपनीचा आरोग्य विमा आहे, मग वेगळा कशाला, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. आपला प्रश्न लावून पाहा: नोकरी गेली तर हे जाईल का? जाईल. बहुतेक ठिकाणी राजीनाम्याच्या दिवशीच जातं. आणि नोकरी जाण्याचं कारणच आजारपण असेल तर? तेव्हा नवीन पॉलिसी काढायला गेलात, तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून तब्येत ठणठणीत असताना स्वतःच्या नावावर निदान ५ लाखांची पॉलिसी घ्या. प्रतीक्षेची मुदत नोकरीत असतानाच संपून जाईल. आईवडिलांची पॉलिसी वेगळी काढा, आपल्यात मिसळू नका, नाहीतर त्यांच्या वयामुळे सगळ्यांचाच हप्ता वाढतो.

जीवन विमा फक्त टर्म प्लॅन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणारा. तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तर वार्षिक उत्पन्नाच्या १० ते १५ पट रकमेचा, साठ वर्षं वयापर्यंत. कुणीच अवलंबून नसेल तर आत्ता गरज नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी उरलेला नाही, त्यामुळे खर्चही कमी झाला आहे.

टर्म प्लॅनमध्ये जिवंत राहिलो तर काहीच परत मिळत नाही, म्हणून लोक पैसे परत देणाऱ्या पॉलिसी घेतात. त्यांचा परतावा साधारण वर्षाला ५-६ टक्के पडतो आणि विम्याची रक्कम इतकी कमी असते की कुटुंबाचं वर्षभरही भागत नाही. मार्च महिन्यात नात्यातला एजंट घरी येतो, चहा होतो, टॅक्स वाचेल म्हणून सही होते. नवीन करप्रणालीत, म्हणजे आता बहुतेक नोकरदार ज्या पद्धतीनं कर भरतात तिच्यात, अशा हप्त्यावर वजावटच मिळत नाही. शिवाय २०२५-२६ पासून तिच्यात पगारदारांना वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर करच बसत नाही. जो कर लागतच नाही तो वाचवण्यासाठी वीस वर्षांचा हप्ता गळ्यात अडकवून घेऊ नका.

पाचवी पायरी: पगाराच्या पावतीत दडलेली पुंजी

पगाराच्या पावतीवर पीएफची ओळ असते. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो, बाकीचा तुमच्या पीएफमध्ये. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. मूळ पगार १५,००० असेल तर दरमहा तुमचे १,८०० आणि कंपनीकडचे ५५० पीएफमध्ये पडतात. पगार कधीच वाढला नाही आणि व्याज एवढंच राहिलं असं धरलं, तरी तीस वर्षांत ३० लाखांच्या वर जातात. कळत नकळत जमणारी एवढी मोठी पुंजी नोकरदाराजवळ दुसरी नसते.

आणि नेमकी तीच लोक दर नोकरीबदलाला मोडतात. माझ्या भावानं आठ वर्षांत तीन वेळा पीएफ काढला. एकदा बाईकसाठी, एकदा बहिणीच्या, म्हणजे माझ्याच, लग्नात, एकदा नुसताच. सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढलं तर त्यावर करही बसतो. नोकरी बदलली की यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवा आणि जुनं खातं नव्यात ऑनलाइन वळतं करून घ्या. नाव, जन्मतारीख, आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का ते आजच बघा. एका अक्षराच्या फरकावरून महिनोन् महिने हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. नॉमिनीचं नाव ऑनलाइन नोंदवा. लग्नानंतर ते पुन्हा नोंदवावं लागतं.

पीएफ नसलेल्यांनी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निधीचं खातं, उघडावं, पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला ५०० ते दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षं, व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आणि ते करमुक्त. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे भरले तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, एवढं लक्षात ठेवा. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर तिच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं, तिथे व्याज ८.२ टक्के आहे.

सहावी पायरी: बाजारातला हिस्सा

इथे थोडं थांबून सांगते, कारण मराठी घरांत शेअर बाजार म्हटलं की अजूनही जुगार आठवतो. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा तुकडा. आजोबांनी आयुष्यभर साचे चालवले, पण गिरणीच्या मालकीचा गुंजभर हिस्साही त्यांच्याकडे नव्हता. पगार तुमच्या वेळेचे पैसे देतो. हिस्सा तुम्ही झोपलेले असताना होणाऱ्या धंद्याचे पैसे देतो.

नवख्यानं कंपन्या निवडत बसू नये. निफ्टी ५० हा नॅशनल स्टॉक एक्सचेंजवरच्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक आहे. त्याच कंपन्या त्याच प्रमाणात विकत घेणारा इंडेक्स फंड घ्यायचा. कुठली कंपनी घसरून यादीबाहेर गेली तर फंडातूनही ती जाते, दुसरी येते. तुम्हाला काही करावं लागत नाही.

सुरुवात अशी करा. पॅन, आधार आणि बँक खातं घेऊन फंडाच्या वेबसाइटवर केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करा. योजना निवडताना नावात ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’ हे दोन शब्द आहेत ना ते तपासा. ‘ग्रोथ’ म्हणजे नफा वाटून न देता फंडातच वाढू देणारा प्रकार. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट पर्याय असतो, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. त्याच योजनेच्या ‘रेग्युलर’ प्रकारात ते दरवर्षी कापलं जातं. हे कमिशन एक टक्का धरलं तर किती जातात? दरमहा ५,००० रुपये वीस वर्षं भरले आणि १० टक्के परतावा धरला तर सुमारे ३८ लाख होतात, ९ टक्के धरला तर साडेतेहतीस. एका टक्क्यात साडेचार लाख गेले. एसआयपीची, म्हणजे दरमहा खात्यातून आपोआप फंडात जाणाऱ्या हप्त्याची, तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा.

हे १० टक्के मी हिशोबापुरते धरले आहेत, हमी कुणीच देऊ शकत नाही. आणि ३८ लाखांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या ३८ लाखांत आजच्या १२ लाखांचाच माल येईल. म्हणून पगारवाढीबरोबर एसआयपी वाढवायची. तेच ५,००० दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेले, तर वीस वर्षांत ८० लाखांच्या आसपास पोहोचता. आणि वाढवणं जमत नसेल तर निदान थांबू नका: ५,००० तेवढेच ठेवून वीसऐवजी तीस वर्षं भरले तर १ कोटी १४ लाख. शेवटच्या दहा वर्षांत पैसे दुपटीहून जास्त वाढतात. पंचविशीत सुरुवात करा असं सगळे का सांगतात, ते या आकड्यात आहे.

आता घसरणीचं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१,००० च्या आसपास होता, ऑक्टोबरात तो ९,००० च्या खाली आला. परत २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० मध्ये जानेवारीत ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला आणि वर्षअखेर ४७,००० च्या वर गेला. घसरणीत विकून बाहेर पडलेले, आणि विकावं लागलं असे, दोघेही होते. दुसऱ्या प्रकारची माणसं मला जास्त आठवतात. त्यांना बाजार कळत होता, पण अडीनडीचा पैसा नव्हता, नोकरी गेली आणि तळाला विकणं भाग पडलं. मंदीत बाजार आणि नोकरी दोन्ही एकदमच जातात, गिरणी आणि खाणावळ गेली तशीच. तिसरी पायरी सहावीच्या आधी का, ते यावरून समजेल. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा इकडे आणूच नका.

कंपनी तुम्हाला स्वतःचे शेअर देत असेल तर घ्या, पण मिळतील तसे विकून इंडेक्स फंडात वळवत राहा. पगारही तिचाच आणि पुंजीही तिचीच असेल तर पुन्हा एकच भोंगा झाला.

फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे भाव पुढे वर जाईल की खाली यावर केलेल्या सौद्यांच्या, नादाला लागू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. ‘महिन्याला तीन टक्के’, ‘दामदुप्पट’ म्हणणाऱ्यांचंही तसंच. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदाच १९९९ मध्ये करावा लागला, इतकी घरं यात बसली. सेबीकडे नोंदणी आहे का ते पाहा, नसेल तर पुढचं ऐकूही नका.

सोनं आणि घर

सोन्याचं थोडक्यात. दागिना हौसेचा आहे आणि हौस असावी. पण तो गुंतवणूक म्हणून मोजताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वजा करून मोजा. मोडताना घडणावळ कुणी परत देत नाही. पाडव्याला, दसऱ्याला सोनं घ्यायचंच असेल तर वळं किंवा नाणं घ्या, किंवा गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं बाजारात विकत घेता येणारं कागदी सोनं. एकूण पुंजीच्या दहाव्या भागापर्यंत पुरे.

घराचं मात्र सावकाश बोलायला हवं, कारण चाळीतून आलेल्या आमच्यासारख्यांसाठी स्वतःचं दार हा नुसता हिशोब नसतो. घ्या, जरूर घ्या. फक्त हप्ता पगाराशी बांधलेला आहे हे विसरू नका. पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही.

३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसते व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम ४,८००. वीस वर्षांत साडेबासष्ट लाख भरता. हाच हप्ता वर्षातून बाराऐवजी तेरा वेळा भरला, बोनसमधून म्हणा, तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असे जास्तीचे पैसे भरायला बँक व्यक्तीला दंड लावू शकत नाही. भरताना मुदत कमी करा असं लेखी सांगा, हप्ता कमी करू नका.

हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत हवा, आणि घर घेतल्यानंतरही सहा महिन्यांचा खर्च, त्यात हा हप्ता धरून, शिल्लक हवा. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के आहे, शिवाय ३०,००० पर्यंत नोंदणी फी. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. आईच्या, बायकोच्या नावावर घर होण्याचं हे एक चांगलं निमित्त आहे, वापरा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, त्यांच्या वेबसाइटवर टाकून ताबा कधीचा लिहिलाय, वाद किती आहेत ते बघा. किंमत कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, काढा.

राहतं घर पगार देत नाही. त्याला निवारा समजा. दुसरं घर भाड्यासाठी घ्यायचा मोह होईल, तेव्हा भाड्याला वर्षाच्या बारा महिन्यांनी गुणून किमतीनं भागून पाहा. मुंबई-पुण्यात बहुधा २-३ टक्के निघतात, आणि त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रिकामे महिने जायचे असतात.

जोडउत्पन्न

शिकवणी, डबे, शिवण, हिशोब लिहून देणं, गावाकडची शेती नीट कसायला लावणं, काहीही चालेल. फक्त गिऱ्हाईक वेगळ्या ठिकाणचं हवं. आयटीत असणाऱ्यानं आयटीवाल्यांच्याच सोसायटीत सगळे डबे लावले, तर आजीची वही पुन्हा भरायला लागेल.

शेवटची पायरी: फाइल

एका फाइलमध्ये सगळं लावा: बँक खाती, ठेवींच्या पावत्या, यूएएन, पॉलिसी क्रमांक, फंडांचे फोलिओ, कर्जाचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. प्रत्येकावर नॉमिनी नोंदवला आहे का ते तपासा. नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी मालक नव्हे, तो पैसे स्वीकारून खऱ्या वारसांना देणारा माणूस. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. तिशीत मृत्युपत्राचं नाव काढलं की आई रागावते, माझीही रागावली होती. तिला समोर बसवून फाइल दाखवली तेव्हा शांत झाली.

आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एका बँकेचं पासबुक सापडलं. आजीला त्या खात्याची कल्पनाच नव्हती. अशी विसरलेली खाती शोधण्यासाठी आता रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथे नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून बघता येतं. घरात कुणी वडीलधारं गेलं असेल तर या रविवारी बघा. आणि तुमची फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात आहे, ते आजच रात्री जेवताना घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.